मयतानं सांगितलं

यममामा कुणाच्याही दारात उभे राहिले की त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला तो कसा मरणार ते आधी सांगत. रामराम नंतर. "तू कारखान्यात बॉयलरवर हायेस ना रं? तुझी कातडी उकडलेल्या बटाट्यावानी निघंल." "तू खाणीत सुरुंग ठासतोस. तुजं मुंडासं या झाडावर नि मुंडकं त्या झाडावर." हे ते रागाने म्हणत नसत, थट्टेनेही नाही. वाण्याने तांदळाचा भाव सांगावा तसा आवाज असे. मग पायरीवर टेकून पाणी मागत.

पाणी क्वचितच मिळे. कर्जतपासून खोपोलीपर्यंत त्यांच्यावर राख, शेण, कढत पाणी आणि दगड पडलेले होते. शिळफाट्याला एका बाईने चुलीतलं जळतं लाकूड फेकलं. त्याचा डाग त्यांच्या मानेवर कानापासून खांद्यापर्यंत होता. त्याच बाईचा नवरा आठ दिवसांनी मुकाट्याने मामांकडे विमा उतरवायला आला. मामा म्हणाले, "लाकूड फेकलं म्हंजे घाबरली. घाबरली म्हंजे समजली. जी हसून पाणी देते ना, तिला कायबी समजलेलं नसतं."

त्यांचं खरं नाव फॉर्मवर असे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. पोरांनी यममामा म्हटलं आणि तेच राहिलं. तरुणपणी ते घाटातल्या मालगाड्यांवर ब्रेक्समन होते. एकदा ठाकुरवाडीच्या वर ब्रेक न लागता गाडी उताराला सुटली. मामांनी उडी टाकली, त्यांच्या सोबत्याने टाकली नाही. त्याला गोळा करायला मामांनाच घोंगडी घेऊन उतरावं लागलं. पुढे दोन डब्यांच्या मध्ये त्यांच्या हाताची दोन बोटं गेली आणि नोकरीही गेली. सोबत्याच्या बायकोचं पुढे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणत, "घोंगडी हलकी व्हती. तिचं पुढलं लई जड झालं."

माझे बाबा रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर. विमा उतरवणाऱ्यांना तपासण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत वसतिगृहात राहून शिकले आणि लढाईच्या दिवसांत मॅट्रिक होऊन घरी आले. मला माणसांशी बोलायला जमत नसे. फॉर्म इंग्रजीत असत, आणि फॉर्मशी बोलावं लागत नाही. त्यामुळे व्हरांड्यातल्या टेबलाशी बसून ते भरण्याचं काम माझ्याकडे आलं. बाबा वजन सांगत, छातीचं माप सांगत, मी लिही. कागद संपले की मामा पिशवीतून विम्याच्या नव्या कायद्याचं पुस्तक काढून माझ्यापुढे आपटत. "वाच. मराठीत सांग. सावकाश." मी एक कलम सांगे. ते डोळे मिटून तीनदा पुटपुटत. असे त्यांनी अर्ध्याहून जास्त कायदा तोंडपाठ केला होता.

त्या कायद्याची त्यांना गरज होती, कारण तो त्यांच्या अंगावर येई. आधी ते एका लहानशा फंडाचे विमे विकत. त्या काळी असे फंड खूप होते. एक खोली, एक पाटी, एक चिटणीस. नव्या कायद्याने सांगितलं, सरकारकडे अनामत ठेवा, हिशेब दाखवा. फंडाने पाटी काढून घेतली आणि चिटणीस लोकांच्या पैशांसकट नाहीसा झाला. खोपोलीच्या लोकांनी मामांना शिळफाट्यावर वडाला बांधलं आणि बैलाच्या चाबकाने मारलं. गुडघा फुटला तो कायमचा. आदल्या दिवशी कुणीतरी त्यांना पळून जा म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, "मग गेला का नाहीत?" ते म्हणाले, "मी पळालो असतो तर त्यांनी कुनाला मारलं असतं? घरी जाऊन बायकांना मारलं असतं."

पुढे त्यांनी सरकारी लायसन काढलं, मोठ्या कंपनीचं काम धरलं. नवा कायदा म्हणत होता की एजंटाने आपल्या दलालीतला वाटा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तोवर सगळेच देत. एका ठेकेदाराने मागितला, मामांनी कलम म्हणून दाखवलं, ठेकेदाराने त्यांचीच छत्री त्यांच्या तोंडावर मोडली. रक्ताने भरलेलं तोंड घेऊन ते आमच्याकडे आले. ओठ शिवताना बाबा म्हणाले, "कायदा दिल्लीत बदलतो आणि टाके मी कर्जतला घालतो."

मामा ओठ शिवलेला असतानाही हसले. टाका उसवला.

मार खाणारे मामा मारतही. हे लपवण्यात अर्थ नाही. वय चोरणाऱ्याला, दारूचं नाकबूल करणाऱ्याला ते बाबांसमोर थोबाडीत देत. मला त्यांची भीती वाटे. मात्र एका कलमासाठी ते जेवढे हात उगारत तेवढे दुसऱ्या कशासाठीच नाही. नव्या कायद्याने विमा उतरवणाऱ्याला मुभा दिली होती की आपल्यामागे पैसे कुणाच्या हातात पडावेत त्याचं नाव त्याने आधीच लिहून ठेवावं. नाव नसलं की कंपनी वारसाचा दाखला मागे, दाखल्यासाठी कोर्ट, कोर्टासाठी पुरुष. तो पुरुष म्हणजे मेलेल्याचा भाऊ. "ह्ये कलम सोन्याचं हाय," मामा म्हणत. पण अडचण निराळीच होती. आमच्या भागातला पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. घरातली म्हणेल, पोराची आय म्हणेल. मी, एक परकी मुलगी, टाक धरून समोर. मग लाजेपायी कित्येक जण भावाचं नाव सांगून मोकळे होत. केवळ लाजेपायी.

म्हादू तसाच होता. घाटात रुळांच्या कामावर गँगमन, गाव खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी. उंच, अबोल, हात फावड्यासारखे. मामांनी त्याला दारातच सांगितलं होतं, "तू दरडीखाली." तो मान हलवून म्हणाला होता, "व्हय, दरडच असंल." असं शांतपणे कबूल करणारा मी दुसरा पाहिला नाही.

"मेल्यावर कुनाला रं?" मामांनी विचारलं.

"घरी."

"घर काय अंगठा देनार हाय?"

"पोराच्या आयशीला."

"नाव?"

म्हादू पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "थोरल्या भावाचं ल्हिवा. त्यो देईल तिला."

मामांनी त्याच्या मानेवर अशी चापट मारली की माझी दौत हलली. "मराया लाजत नाय, नि बायकूचं नाव घ्याया लाजतोस? बोल!"

म्हादू उठला. वजनकाट्याशी गेला, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीला सांगितलं, "सगुणा." त्याचे कान मागून लाल दिसत होते. मी ते नाव लिहिलं. मामांनी जांभळ्या शाईच्या पॅडवर त्याचा डावा अंगठा दाबला, कागदावर उठवला आणि घासलेटच्या चिंधीने स्वतःच्या हाताने पुसला. कुणाच्याही बोटावर ते शाई ठेवत नसत. अंगठा रंगलेला माणूस गावात गेला की जमीन लिहून दिलीस का म्हणून विचारतात.

तो गेल्यावर मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "मामा, आणि मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या घशात एक गोष्ट अडकंल नि तू गुदमरशील, पोरी. तुजा विमा कोन घेनार नाय."

दोन पावसाळे गेले. एका सकाळी म्हादूला ट्रॉलीवरून खाली आणलं. बोगद्याच्या तोंडाशी गाडी त्याच्या डाव्या अंगावरून गेली होती. डावा हात नव्हताच, तिथे गोणपाट गुंडाळलं होतं. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवलं. पंचनाम्याची माणसं येईपर्यंत त्याचे दोघे भाऊ दुपारभर आत बसून होते. मामा आले, गोणपाट उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं. "मी दरड म्हनालो व्हतो," ते म्हणाले. "चुकलो."

सगुणा दिवस कलताना आली, पायी, मूल कडेवर. मी तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. ती प्यायली नाही. तिने त्या पाण्याने म्हादूचा उरलेला हात धुतला आणि पदराने पुसला. बोटं एकेक करून. मी दारातून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी बाबा खोलीच्या रखवालदारावर ओरडत होते, की कंदील कधी पुसलास का. काच काजळीने भरली होती. तिच्यावर मधोमध बोटभर जागा मात्र स्वच्छ पुसलेली होती. ते मी पाहिलं आणि विसरले.

तिसऱ्या दिवशी भाऊ आमच्या व्हरांड्यात आले. थोरल्याने मामांपुढे एक कागद ठेवला. लिहिलं होतं की आधीचं नाव रद्द करून मी थोरल्या भावाचं नाव लावतो. तारीख महिनाभर आधीची. खाली काळा अंगठा.

"म्हादूनंच दिलावता," थोरला म्हणाला. "तुमाकडं द्याचा राहिला. तुमी कंपनीला कळवा, की कागद आदीच तुमाकडं पोचलावता म्हून. तुमाला बी आमी विसरनार नाय."

मामा कागद खिडकीशी नेऊन बघत राहिले. "ह्यो उजवा हाय. गड्याचा डावा लागतो."

"डावा ठेचला व्हता तवा."

"नि शाई काळी?"

"गावात जांभळी कुठली?" मधला भाऊ पुढे झाला. त्याने मामांच्या सदऱ्याची कॉलर धरली, जवळजवळ मायेने धरावी तशी. "मामा, लोकांचं मरन सांगत फिरता. तुमचं कोन सांगतं का?"

ते गेल्यावर मामा पायरीवर टेकले. त्यांना मारायची धमकी नवी नव्हती. त्यांना दुसरंच खात होतं. ते बाबांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अंगठा म्हादूचा असनार. तसा मोठा अंगठा दुसऱ्याचा नाय. आनि पयल्यांदाबी त्यानं भावाचंच नाव घेतलं व्हतं. मीच मारून बायकूचं घ्याया लावलं. मागनं त्याचं मन फिरलं असंल तर? मेलेल्याची इच्छा मी दाबून ठेवू?"

बाबा म्हणाले, "संशय आहे एवढं कळवा. कंपनी बघेल."

"कंपनी काय बघंल? हात आखडंल. म्हनंल, कोर्टात जा. सगुणा कोर्टात जाईल का?"

तरी ते खोटं बोलणारे नव्हते. कळवायचं त्यांनी ठरवलं. मनाला पटेना म्हणून मात्र रोज उद्यावर टाकत राहिले.

चौथ्या दिवशी सगुणा मुलाला ताप आला म्हणून बाबांकडे आली. बाबा आत होते. ती पायरीवर बसली. आम्ही दोघीच होतो, आणि मी गप्प होते म्हणूनच कदाचित ती बोलली. "ताई, ह्यो बघा डाग. दोनदा धुतला पदर, मेलं वंगन निगंना." तिने पदराचं टोक पुढे केलं. "सगळा हात सोच्छ व्हता त्यांचा. येका अंगठ्यालाच येवढं काळं कसं लागलं असंल?"

मला कंदिलाची काच आठवली.

मी काही बोलले नाही. तिलाही नाही, बाबांनाही नाही. तीन दिवस. बोलले तर त्या खेड्यात काय होईल ते मला दिसत होतं. मधल्या भावाने कॉलर कशी धरली ते मी पाहिलं होतं.

सातव्या दिवशी मामा आले आणि म्हणाले, "पोरी, कंपनीला इंग्रजीत पत्र ल्ही." ते मराठीत सांगत होते, मी उतरवत होते. मयताचे भाऊ यांनी एक कागद दाखवला. कागदावरचा अंगठा मयताचा असावा असं मला वाटतं. तो त्याने जिवंतपणी

इथे माझा टाक थांबला.

"ल्ही ना."

"ते वंगण नव्हतं," मी म्हणाले.

"कुठलं वंगन?"

मग मी सगळं सांगितलं. पदर, काच, बोटभर स्वच्छ जागा. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. मामांनी पत्र माझ्या हाताखालून ओढून घेतलं आणि फाडलं. त्यांचा चेहरा मी पुष्कळदा रक्ताळलेला पाहिला होता, पण तसा पांढरा कधी नाही. "मेलेल्याचा हात धरला," ते म्हणाले. "जित्याचा हात पिरगळला असता तर समजलो असतो." मग विचारलं, "कुनाला बोललीस?"

"नाही."

"आता बोलू नको. हितनं पुढं माजं काम."

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी म्हादूचं सगळं गणगोत जमलं होतं. मुलाचं औषध पोचवायला बाबांनी मला टांग्याने पाठवलं, मामा बरोबर होते. गळ्याची शपथ घालून त्यांनी मला टांग्यातच बसवलं आणि लंगडत खाली नदीवर गेले. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

ते थोरल्याशी बोललेच नाहीत. सरळ बायका बसल्या होत्या तिकडे गेले. "सगुणाबाय, नवऱ्याचा हात धुतलास तवा कुठल्या बोटाला काळं व्हतं?"

सगुणाने स्वतःचा उजवा अंगठा वर केला. का विचारताहेत हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

मामा गणगोताकडे वळले. "ऐका रं समदे! ह्या दोघांनी कंदिलाची काजळी लावून मेलेल्या भावाचा अंगठा उठवला. त्याच अंगठ्यानं त्याच्या बायकू-पोराला घराबाहेर काढाया निघालेत. आता कावळा शिवंल का पिंडाला, त्यालाच इचारा!"

एक म्हातारा थोरल्याकडे बघून नुसतं "व्हय रं?" एवढंच म्हणाला. तेव्हा मधल्याने दगड उचलला.

पहिला घाव तोंडावर बसला. मामा पडले नाहीत. दुसऱ्या घावाने फुटका गुडघाच पुन्हा फोडला आणि ते पाण्यात बसले. मग थोरला आला, मग आणखी दोघे. हात वर जात होते, खाली येत होते, आणि आवाज धुण्यासारखा येत होता, धोंड्यावर कपडा आपटावा तसा. भटजींनी आपली भांडी गोळा केली. म्हातारे नदीपलीकडे बघत राहिले. सगुणा धावली, तिला दोघींनी केसांना धरून मागे ओढलं. पाणी लाल झालं, मग वाहून स्वच्छ झालं, मग पुन्हा लाल झालं. टांगेवाल्याने घोडा वळवायला लगाम ओढला. मी उतरले नाही. ओरडले नाही.

सगळं गणगोत निघून गेल्यावर टांगेवाल्याने आणि मी मामांना टांग्यात घातलं.

बाबांनी त्यांना तीन आठवडे जगवलं. पहिल्याच दिवशी तपासून बाहेर आले आणि हात धुताना म्हणाले, "ह्या कलमाला माझ्याकडे टाका नाही." जबडा बांधलेला, एक डोळा गेलेला. तरी कंपनीला पत्र गेलं. मामांनी दातांतून एकेक शब्द सांगितला, मी लिहिला. म्हादू जिवंत असेतो असा कागद मला पोचला नव्हता, आणि कंपनीच्या दप्तरी सगुणाचंच नाव आहे.

फौजदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी कोपऱ्यात पाण्याचं भांडं धरून उभी होते.

"अंगठा मेल्यावर उठवला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामांचा उरलेला डोळा माझ्याकडे वळला नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, म्हादूने पाहिलं होतं तसं. "मयतानं सांगितलं," ते म्हणाले.

फौजदार चिडला. "शुद्धीवर आहात का? आणि मारताना कुणी पाहिलं?"

"मयतालाच इचारा."

तेच त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. माझं किंवा मारणाऱ्यांचं, कुणाचंही नाव घेतलं असतं तर मला कोर्टात उभं राहावं लागलं असतं, त्या भावांसमोर, त्या गावासमोर. ते माझ्याकडून होणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते गेले त्या सकाळी मी खोलीत होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

खटला उभा राहिला नाही. मारणारे हात पुष्कळ, पाहणारा डोळा एकही नाही असं झालं. टांगेवाल्याने सांगितलं, घोडा बुजला होता, मी घोड्याकडे बघत होतो. मला कुणी विचारलं नाही.

सगुणाचे कागद मात्र आले. ती मुलाला घेऊन माहेरी राहत होती. बाईचा उजवा अंगठा लागतो. मी तिचा अंगठा पॅडवर दाबला, उठवला आणि घासलेटच्या चिंधीने पुसला. चिंधी मामांचीच होती. ती म्हणाली, "मामांनी सोताचा इमा उतरवलावता का, ताई?"

"नाही."

"का वो?"

मी तेच एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले होते, इतका मोडलेला मानूस कोन घेतो, आणि नावाच्या जागी ल्हिवू कुनाचं? पण तिला मी एवढंच म्हटलं, "राहून गेला."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. देश स्वतंत्र झाला. विम्याचा कायदा पुन्हा बदलणार असं वर्तमानपत्रात आलं आहे. बाबांना ती बातमी वाचून दाखवताना मी कलमांच्या मधेच थांबले. ते म्हणाले, "आता हे कुणाच्या पाठीवर?" आणि पेपर मिटायला सांगितला.

कर्जतला अजून लोक सांगतात की यममामांशी मेलेली माणसं बोलत, म्हादूच्या मयताने उठून त्यांना अंगठा दाखवला. माझ्यासमोरही सांगतात. मी ऐकून घेते आणि घसा आवळत जातो, मामांनी म्हटलं होतं तसा.

मयताने काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आणि नदीवर पाहिलं तेही मीच.